बॅटरी सारखी उतरते? नवी विकण्याआधी करंट मोजा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी बटण-स्टार्ट गाड्यांच्या बॅटरीबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून तेच इथं सविस्तर लिहितोय. ज्यांना बॅटरीचं दुकान टाकायचंय, ऑटो इलेक्ट्रिकचं काम सुरू करायचंय किंवा गॅरेजमध्ये एक नवी सेवा जोडायचीय, त्यांनी हे वाचाच. बाकीच्यांनीही वाचा, कारण मुद्दा फक्त बॅटरीचा नाही.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

आमच्या बॅचमधल्या एका मुलानं फुलेवाडीत बॅटरीचं छोटं दुकान टाकलं. त्याच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले. गाडी बटण-स्टार्ट, बॅटरी चार वर्षांची, सकाळी सेल्फ लागला नाही. चार वर्षं झाली म्हणजे गेलीच, असं म्हणून यानं नवी बसवून दिली. सर खूश, पोरगाही खूश.

सहा महिन्यांनी सर परत आले. बॅटरी डाऊन. यानं चार्ज करून दिली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी यानं वॉरंटीत पाठवली, तर तपासणीत बॅटरी ठीक निघाली आणि चार्ज होऊन परत आली. तिसऱ्या वेळी मात्र सर दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळ, तू मला डुप्लिकेट माल दिलास." कॉलनीतही त्यांनी तेच सांगितलं.

पोरानं मला फोन केला. म्हणाला, "सर, खिशातनं एक नवी बॅटरी देऊन टाकतो. नाव तरी वाचेल."

मी विचारलं, "गाडी उभी असताना करंट किती जातो, मोजलास का?"

फोनवर शांतता.

आधी समजून घ्या: बॅटऱ्या दोन असतात

बटण-स्टार्ट गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्यांचा प्रश्न असतो. गिऱ्हाईक दोन्हींना "बॅटरी गेली" एवढंच म्हणतं. तुम्ही मात्र गल्लत करायची नाही.

एक म्हणजे गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. दुसरी रिमोट किल्लीतली. ती नाण्याएवढी, ३ व्होल्टची असते आणि बहुतेक किल्ल्यांत सीआर २०३२ नंबरचा सेल असतो.

आता हे दोघं बोलतात कसे ते बघा. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता, तेव्हा गाडीतल्या अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर जवळच्या जवळ हाक मारतात. ही हाक मीटर-दोन मीटरच्या पलीकडे फारशी जात नाही. किल्ली ती ऐकते आणि जास्त फ्रिक्वेन्सीवर, आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, उत्तर देते. कोड जुळला की दार उघडतं. ही सोय मर्सिडीजनं १९९८ मध्ये आपल्या एस-क्लासमध्ये आणली होती. आज आपल्याकडे छोट्या हॅचबॅकच्या वरच्या मॉडेलमध्येही ती मिळते.

म्हणजे काय झालं? हाक ऐकण्यासाठी किल्ली चोवीस तास कान उघडे ठेवून बसलेली असते. आणि गाडीसुद्धा लॉक केल्यावर पूर्ण बंद होत नाही. ती झोपते, पण कानोसा घेत झोपते. कानोसा घ्यायला करंट लागतोच.

किती करंट जाणं ठीक?

गाडी लॉक केल्यावर तिच्यातले सगळे कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत. कुठली गाडी दहा मिनिटं घेते, कुठली पाऊण तास. सगळे झोपले की २० ते ५० मिलिअँपिअर करंट जाणं साधारण ठीक धरतात.

आता हिशोब करूया. समजा गाडीत ३५ अँपिअर-तासाची बॅटरी आहे. निम्मी बॅटरी संपली की सेल्फचा भरवसा राहत नाही, असं धरा. म्हणजे आपल्या हातात १७.५ अँपिअर-तास.

- ३० मिलिअँपिअर गेले, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. साधारण २४ दिवस निघतात.
- ५० मिलिअँपिअर गेले, तर दिवसाला १.२. साधारण १४ दिवस.
- १८० मिलिअँपिअर गेले, तर दिवसाला ४.३२. चार दिवस.
- ५०० मिलिअँपिअर गेले, तर दिवसाला १२. दीड दिवसात खेळ खलास.

हा हिशोब नव्या, भरलेल्या बॅटरीचा आहे. जुनी असेल तर दिवस आणखी कमी.

पहिली ओळ पुन्हा वाचा. गाडीत काहीही दोष नसताना तीन-चार आठवडे उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि गाड्या आठवडेच्या आठवडे पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या, तेव्हा हेच झालं. बॅटरी उतरली म्हणजे ती खराब झाली असं नाही. उतरणं वेगळं, मरणं वेगळं. मात्र उतरलेल्या अवस्थेत बरेच दिवस पडून राहिली, तर ती खरंच मरते.

आणखी एक. दिवसाला १.२ म्हणजे आठवड्याला ८.४ अँपिअर-तास. रविवारी रंकाळ्यापर्यंत पंधरा मिनिटांची फेरी मारून तेवढं परत भरत नाही. घरासमोर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवूनही भरत नाही. गिऱ्हाइकाला हे सांगायला एक मिनिट लागतं, पण सांगत कोण नाही!

चोर पकडायची पद्धत

उभ्या गाडीत चोरून जाणारा करंट शोधणं हे खरं काम. त्या मुलाला मी फोनवर सांगितलं तेच क्रमानं देतोय.

१. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, थोडा वेळ शांत ठेवा आणि व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मग बॅटरी टेस्टर लावा. बॅटरीच नादुरुस्त असेल तर पुढची तपासणी फुकट जाईल.

२. इंजिन चालू करून चार्जिंग बघा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली-वर होतो, ते लक्षात ठेवा.

३. ड्रायव्हरची काच खाली करा. बॉनेट उघडा. उघड्या दाराचं लॅच स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बंद करा, म्हणजे गाडीला वाटेल दार लागलंय. किल्ली पाच-सात मीटर लांब, दुकानाच्या आत ठेवा. काच खाली का? मध्येच गाडीनं स्वतःला लॉक करून घेतलं तर हात घालायला जागा हवी.

४. मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर शून्यावर आणा आणि निगेटिव्ह केबलवर लावा. टर्मिनलला जेवढ्या वायरी असतील त्या सगळ्या जबड्यात आल्या पाहिजेत. साधा मल्टिमीटर सीरिजमध्ये लावणार असाल तर १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा आणि तो लावलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल.

५. आता थांबा. तीस ते पंचेचाळीस मिनिटं. गाडी जागी असताना दिसणारा आकडा मोठाच असतो. नवखा माणूस इथंच फसतो आणि "एक अँपिअर जातोय" म्हणून गिऱ्हाइकाला घाबरवतो.

६. गाडी झोपल्यावरही ५० च्या बराच वर करंट असेल, तर फ्यूज बॉक्सकडे वळा. फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढून पुन्हा लावला की युनिट जागं होतं आणि पाऊण तास वाया. त्याऐवजी फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य असेल तर ती लाईन झोपलीय. किंचित व्होल्टेज दिसलं तर तिथून करंट वाहतोय. माग तिथून काढा.

७. शेवटी किल्लीची परीक्षा. किल्ली हातात घेऊन गाडीच्या मीटरभर अंतरावर जा, थोडं थांबा, मागे या. मीटर उडी मारतो का, परत खाली येतो का, बघा.

सरांच्या गाडीत काय निघालं?

पोरानं सरांना विनंती करून गाडी एका संध्याकाळी दुकानात ठेवून घेतली. बॅटरी चार्ज केल्यावर ठणठणीत. चार्जिंग १४.२. पण गाडी झोपल्यावर, किल्ली लांब असताना, मीटरवर १८० मिलिअँपिअर.

स्टिरिओच्या फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसले. सरांनी बाहेरून मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ बसवून घेतला होता. अशा स्टिरिओला सहसा दोन वायरी असतात. पिवळी कायम चालू, म्हणजे आठवणीत ठेवलेल्या सेटिंगसाठी. लाल मात्र गाडी चालू केल्यावरच चालू होणारी. ज्यानं बसवला त्यानं काम लवकर उरकायला दोन्ही एकत्र पिळून टेप मारली होती. स्क्रीन काळी दिसायची, पण आतला स्टिरिओ रात्रभर जागा असायचा.

लाल वायर योग्य जागी दिल्यावर करंट आला २८ वर.

आता किल्ली. पोरानं सरांना विचारलं, "घरी किल्ली कुठं ठेवता?" दाराच्या आत, खिळ्यावर. भिंतीच्या पलीकडे पोर्च, पोर्चमध्ये गाडी. अंतर दीड मीटर! त्यानं किल्ली तेवढ्या अंतरावर धरून बघितली, तर मीटर कधी २८, कधी शंभराच्या वर. गाडी डोळे मिटायची, किल्ली दिसली की उघडायची. सर लेकीकडे पुण्याला चार-पाच दिवस गेले की किल्ली खिळ्यावर आणि स्टिरिओ जागा. परत आल्यावर बॅटरी उतरलेली.

इथं नीट लक्ष द्या. व्हॉट्सअपवर "किल्ली गाडीजवळ ठेवू नका, बॅटरी संपते" असे मेसेज फिरतात. अर्धं खरं आहे. काही गाड्या किल्ली जवळ राहिली की पुन्हा पुन्हा जाग्या होतात, काही होत नाहीत. किल्ली बराच वेळ जवळच पडून राहिली तर तिला हाक मारणं कमी करायचं, अशी सोय काही कंपन्यांनी केलेली असते. या गाडीत मोठा चोर स्टिरिओ होता, किल्ली त्याची साथीदार. मोजलं नसतं तर फक्त खिळा बदलला असता आणि महिन्याभरात सर चौथ्यांदा दारात आले असते.

पोरानं सरांना काय सांगितलं, ते मला सगळ्यात जास्त आवडलं. "सर, बॅटरी पहिल्यापासून चांगली होती. चूक माझी. मी न मोजता विकली."

त्यानं आणखी एक गोष्ट कबूल केली. ती चार वर्षांची पहिली बॅटरी खरंच मेली होती, की नुसती उतरली होती? आता कुणालाच सांगता येणार नाही. ती भंगारात गेली.

नेहमीचे संशयित

तपासताना हे आधी बघा: पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला अलार्म किंवा सेंट्रल लॉक, डिकीतला न विझणारा दिवा, चिकटून बसलेला रिले, ओबीडी सॉकेटमध्ये कायम खोचलेलं यंत्र, अल्टरनेटरचा बिघडलेला डायोड. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: "गाडीत नंतर काय काय बसवलंय?"

आणि आपल्या कोल्हापुरात एक खास संशयित आहे, तो म्हणजे पुराचं पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहराच्या सखल भागांत गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊन, पुसून पुन्हा चालू झाल्या, काही विकल्याही गेल्या. पण सीटखालच्या आणि कार्पेटखालच्या कनेक्टरमध्ये गंज चढायला वेळ लागतो. की-लेसच्या अँटेना आणि वायरिंगही बऱ्याचदा अशाच खालच्या जागी असतात. कनेक्टरमध्ये हिरवट थर आला की करंट आडवाटेनं झिरपतो.

म्हणून गाडी सेकंड हँड असेल तर सीटचे बोल्ट गंजलेत का बघा, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघा, कार्पेट उचलून वास घ्या.

किल्लीचा सेल गेला तर?

हे छोटं काम आहे, पण गिऱ्हाईक इथंच कायमचं जोडलं जातं.

सेल किती टिकेल हे वापरावर आहे, पण साधारण वर्ष-दोन वर्षं धरा. टीव्ही, मोबाईल चार्जर, इंडक्शन शेगडी यांच्याजवळ किल्ली ठेवली तर ती त्यांचाच गोंगाट ऐकत बसते आणि सेल लवकर संपतो. मीटरभर तरी लांब ठेवा, असं टोयोटासारख्या कंपन्या मॅन्युअलमध्येच सांगतात. मग चांगली जागा कुठली? गाडीपासूनही लांब आणि टीव्हीपासूनही लांब. बेडरूमच्या कपाटातला स्टीलचा झाकणाचा डबा चालतो. चोर किल्लीचा सिग्नल लांबवर नेऊन गाडी उघडतात, तो धोकाही त्यानं कमी होतो.

सेल पूर्ण गेला तरी गाडी अडत नाही. बहुतेक किल्ल्यांच्या पोटात लोखंडी किल्ली असते. तिनं दार उघडायचं, मग रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी ठेवून गाडी सुरू करायची. किल्लीतल्या चिपला त्यासाठी सेल लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक गाडी टो करून आणतात! प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा हे करून दाखवा.

आणि नवा सेल टाकूनही किल्ली चालेना तर लगेच किल्लीला दोष देऊ नका. अमेरिकेत ओहायो राज्यात नॉर्थ ओल्मस्टेड नावाचं गाव आहे. तिथं २०१९ मध्ये एका भागातल्या कितीतरी लोकांच्या गाडीच्या किल्ल्या आणि गॅरेजचे रिमोट एकदम चालेनासे झाले. शोध घेतल्यावर निघालं काय, तर एका रहिवाशानं घरी बनवलेलं यंत्र त्याच ३१५ मेगाहर्ट्झवर सतत सिग्नल सोडत होतं. यंत्र बंद केलं, सगळ्यांच्या किल्ल्या चालू. म्हणून गाडी शंभर मीटर पुढं नेऊन पुन्हा बघा. एवढी साधी परीक्षा पुष्कळ खर्च वाचवते.

जुना सेल काउंटरवर पडू देऊ नका. लहान मुलानं गिळला तर जिवावर बेतू शकतं.

यात धंदा कुठं आहे?

बॅटरी विकणारी दुकानं खूप आहेत. भाव एका फोनवर कळतो, त्यामुळे भावात तुम्ही जिंकणार नाही. उपयोगी पडेल ते निदान. म्हणून त्याचे पैसे वेगळे घ्या आणि आधी सांगून घ्या.

समजा तपासणीचे तुम्ही ४०० रुपये ठरवले आणि एका बॅटरीत तुम्हाला ५०० सुटतात. (आकडे फक्त हिशोबासाठी, तुमचे तुम्ही ठरवा.) वरवर वाटतं की बॅटरी विकणं सोपं. पण ती विक्री चुकीची ठरली, तर वॉरंटीच्या फेऱ्या, दोन-तीनदा चार्जिंग आणि कॉलनीत गेलेलं नाव, हे सगळं त्याच ५०० मधून जातं.

वेळेचं गणितही बघा. गाडी झोपायला पाऊण तास लागतो, पण तुम्ही समोर बसून राहायची गरज नाही. दोन क्लॅम्प मीटर असतील तर दोन गाड्या एकदम झोपवता येतात. "संध्याकाळी ठेवा, सकाळी न्या" अशी पद्धत ठेवली तर दिवसाचं गिऱ्हाईकही अडत नाही.

प्रत्येक गाडीचं एक कार्ड करा. तारीख, बॅटरीचं व्होल्टेज, चार्जिंग, किल्ली लांब असतानाचा करंट, किल्ली जवळ असतानाचा करंट, बाहेरून बसवलेल्या वस्तू. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक तुमच्याकडे. सहा महिन्यांनी गाडी परत आली तर वाद होणार नाही, दोन आकडे समोरासमोर ठेवता येतील.

दोन पथ्यं पाळा. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू नका. तुमचं कार्ड देऊन गिऱ्हाइकाला सर्व्हिस सेंटरला पाठवा. आणि बदललेल्या जुन्या बॅटऱ्या कुणालाही विकू नका. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे त्या अधिकृत रिसायकलिंगच्या साखळीतच गेल्या पाहिजेत.

शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींची एक सवय होती. मशीन उघडायच्या आधी ते कानाला लावून ऐकायचे. आपल्या काळात कानाच्या जागी मीटर आलाय, एवढाच फरक.

सरांचं पुढं काय झालं? त्यांनी तपासणीचे पैसे विचारले. पोरगा नको म्हणाला. सर काही बोलले नाहीत, फक्त कार्ड खिशात घातलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच कॉलनीतली दुसरी गाडी दुकानापुढं उभी राहिली. मालक म्हणाला, "बॅटरी नको. आधी मोजून द्या. सरांनी पाठवलंय."

या आठवड्याचं काम

स्वतःच्या, नाहीतर मित्राच्या बटण-स्टार्ट गाडीवर ही तपासणी पूर्ण करा. किल्ली लांब असतानाचा आकडा आणि जवळ असतानाचा आकडा, दोन्ही वहीत लिहा. निदान पाच वेगवेगळ्या गाड्या मोजून होईपर्यंत दुकानावर पाटी लावू नका. आकडे आले की खाली लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच काही गाड्यांवर बोलू.

भेटूया!